गृहस्थाश्रमी महर्षि : कै. अण्णासाहेब कर्वे

आपल्या ज्ञातीत होऊन गेलेल्या थोर पुरुषांपैकी एकाचे चरित्र स्मरणिकेत यावे, हा प्रघात सर्वथैव स्तुत्य आहे. परंतु असली चरित्रे वाचताना एक उणीव आम्हांस नेहमी जाणवत आली आहे. चरित्रनायकाने कोणत्या संस्था काढल्या, कोणत्या पदव्या मिळविल्या, सरकारदरबारी त्याचा कसा गौरव झाला, हे सर्व सविस्तर येते. मात्र तो उंबरठ्याच्या आत कसा वागला, पत्नीस त्याने काय दिले व तिच्याकडून काय घेतले, मुलांस कसे वाढविले, हे सांगावयाचे राहून जाते. स्मरणिका ही घरोघरी वाचली जाणारी वस्तू आहे. तेव्हा पती, पिता व आजोबा या नात्यांनी ज्याच्या आयुष्याचा विचार करावा, असा एखादा पुरुष यंदा निवडावा असे आम्ही ठरविले आणि विचाराअंती भारतरत्न महर्षि धोंडो केशव तथा अण्णासाहेब कर्वे यांचे नाव मनात स्थिर झाले.

ही निवड पाहून काही वाचक विस्मित होतील. अण्णासाहेबांनी आपल्या मिळकतीतून संस्थांना मुक्तहस्ते दिले, घरच्या माणसांसाठी धनसंचय केला नाही, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. अशा पुरुषास कुटुंबवत्सल म्हणावे काय? हा प्रश्न टाळून त्यांचे चरित्र लिहिणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. उलट, हाच प्रश्न मनाशी धरून त्यांच्या संसाराकडे पाहावे, असा आमचा हेतू आहे.

अण्णासाहेबांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली या आजोळच्या गावी झाला. घर दापोली तालुक्यातील मुरुडचे. वडील केशवपंत व आई लक्ष्मीबाई यांचा संसार ओढगस्तीचा, पण मानी होता. सहाव्या इयत्तेच्या सरकारी परीक्षेस बसण्यासाठी हा मुलगा सतराव्या वर्षी सह्याद्री ओलांडून साताऱ्यापर्यंत सुमारे ११० मैल पायी गेला. आणि चण लहान दिसल्यामुळे, वय पुरे नाही असे ठरवून परीक्षकांनी त्यास परत पाठविले. शिक्षणाची वाट अशी पहिल्याच पावलास अडली. तरी ती सुटली नाही. मॅट्रिक झाले ते १८८१ साली, म्हणजे वयाच्या तेविसाव्या वर्षी; आणि १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित विषय घेऊन ते बी. ए. झाले. ज्या वयात आजची मुले नोकरीत स्थिरावतात, त्या वयात अण्णासाहेब शाळेच्या बाकावरून उठत होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांचा विवाह लहानपणीच झाला होता. वर पंधरा वर्षांच्या आतला, वधू राधाबाई आठ वर्षांची. पतीच्या विद्यार्थिदशेत राधाबाईंची पुष्कळ वर्षे मुरुडास सासरीच गेली. पुढे मुंबईस बिऱ्हाड झाले, ते नरहरपंत जोशी या स्नेह्याच्या कुटुंबासह एकत्र. शाळांतून शिकविणे आणि घरोघरच्या शिकवण्या यांवर हा संसार चाले. उत्पन्न बेताचे असूनही दर रुपयामागे एक पैसा धर्मकार्यासाठी बाजूस काढण्याचा नेम त्यांनी कमाईच्या आरंभापासून ठेवला होता. आपल्या गावासाठी मुरुड फंड उभा करण्याच्या खटपटीतही ते याच काळात होते. नात्यातल्या होतकरू मुलांना घरी ठेवून घेऊन शिकविण्याचे काम याच बिऱ्हाडात होई. त्यांतलाच एक मुलगा म्हणजे पुढे १८९९ साली केंब्रिजचा सीनियर रँग्लर झालेला रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. अण्णासाहेबांचे पितृत्व असे स्वतःच्या मुलाबरोबरच परक्या मुलांपासून सुरू झाले. मात्र शिकविणारा अण्णासाहेब असला, तरी या मुलांची ताटे वाढणारी राधाबाई होत्या, हे विसरून चालणार नाही.

१८९१ साली राधाबाई निवर्तल्या. मागे नऊ वर्षांचा मुलगा रघुनाथ राहिला. त्याच वर्षी नामदार गोखले यांच्या सूचनेवरून फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे अध्यापक म्हणून अण्णासाहेब पुण्यास आले. तेहतीस वर्षांचा, पदवीधर, कॉलेजात शिकविणारा विधुर! त्या काळी अशा वराच्या दारी दहा-बारा वर्षांच्या मुलींचे वडील रांग लावीत आणि त्यात कोणालाही वावगे वाटत नसे. पत्नी गेलेल्या पुरुषाने वर्षाच्या आत पुन्हा बोहल्यावर चढावे, आणि पती गेलेल्या बालिकेने मात्र केशवपन करून उभा जन्म माजघरात काढावा, असा हा न्याय होता. तो आपल्याच ज्ञातीत सर्वांत कठोरपणे पाळला जात होता, हे आपण मान्य केले पाहिजे.

अण्णासाहेबांनी ठरविले की, पुन्हा विवाह करावयाचा तर विधवेशीच. नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई हिला बालपणीच वैधव्य आले होते. देवरुखच्या जोशांची ही मुलगी काही वर्षे विधवेच्या वेशात सासरी राबली आणि मग भावाच्या आधाराने मुंबईस आली. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी शारदा सदन काढले, त्याची ती पहिली विद्यार्थिनी. राधाबाईंच्या हयातीत दोन्ही कुटुंबे एकत्र राहत असल्यामुळे अण्णासाहेबांच्या घरची स्थिती तिला ठाऊक होती आणि तिचा स्वभाव अण्णासाहेबांना. गोदूबाईचे वडील बाळकृष्णपंत यांच्याशी बोलणे होऊन त्यांची संमती मिळाली आणि ११ मार्च १८९३ रोजी पुण्यास हा पुनर्विवाह झाला. विवाहानंतरचे नाव आनंदीबाई. पण घरात व पुढे सर्व महाराष्ट्रात त्या बाया कर्वे या नावानेच ओळखल्या गेल्या.

विवाहाची वार्ता मुरुडास पोहोचताच गावच्या ब्राह्मणमंडळींची सभा भरली व नवदंपतीवर बहिष्कार पडला. अण्णासाहेबांना घरात घेतल्यास त्यांच्या वडील बंधूंच्या कुटुंबासही वाळीत टाकण्यात येईल, असे ठरले. शिक्षेची ही योजना मोठी हिशेबी होती. स्वतःवरचा बहिष्कार अण्णासाहेबांनी सहज सोसला असता. पण आईने मुलास भेटण्याची किंमत भावाच्या चुलीने द्यावी, असा हा पेच होता. तेव्हा अण्णासाहेबांनी घरापासून दूर राहणे पत्करले. आई जिवंत, गाव ठाऊक, वाट मोकळी. आणि तरी मुलाने त्या वाटेने जाऊ नये! या गोष्टीने लक्ष्मीबाईंस काय वाटले असेल, याची कल्पना आपल्यापैकी प्रत्येक मातेने करावी. हा बहिष्कार कोणा परकीयाने घातला नव्हता. तो आपल्याच पूर्वजांनी, शास्त्राच्या नावाने व ज्ञातीच्या अभिमानाने घातला होता. आज आपण अण्णासाहेबांचे छायाचित्र संघाच्या सभागृहात लावतो व त्यास हार घालतो, तेव्हा हा भागही स्मरला पाहिजे. नाहीतर तो हार फुकट होय.

आता संसाराकडे वळू. बायांशी विवाह करताना अण्णासाहेबांनी आपला मनोदय झाकून ठेवला नव्हता. सार्वजनिक कार्यासाठी आपण खर्च करणार, कष्टही करणार, आणि घराच्या वाट्यास त्यामानाने थोडे येणार, हे बायांना लवकरच कळून चुकले. विवाहाच्या वर्षअखेरीस वर्धा येथे विधवाविवाहोत्तेजक मंडळी निघाली आणि तिच्या कामासाठी अण्णासाहेब सुटीच्या दिवसांत गावोगाव हिंडू लागले. थोड्याच अनुभवाने त्यांच्या लक्षात आले की, पुनर्विवाहास तयार होणाऱ्या स्त्रिया थोड्या. पण शिकून स्वतःच्या पायांवर उभे राहण्याची गरज सगळ्याच विधवांना आहे. म्हणून १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम स्थापन झाला. आरंभीचे हजार रुपये अण्णासाहेबांनी स्वतःच्या शिलकीतून दिले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे आश्रमाच्या मंडळीचे अध्यक्ष होते.

पुढे पुण्यात प्लेगने कहर मांडला आणि आश्रम शहराबाहेर हिंगण्यास न्यावा लागला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी जमीन व झोपडी बांधण्यापुरते पैसे दिले, आणि १९०० साली त्या माळावर आश्रमाची पहिली झोपडी उभी राहिली. दिवसा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवावे, संध्याकाळी सामानसुमान बरोबर घेऊन सुमारे चार मैल हिंगण्यास चालत जावे, रात्री तेथील मुलींना शिकवावे आणि सकाळी पुन्हा कॉलेजची वाट धरावी, असा क्रम सुरू झाला. पावसाळ्यात ती वाट नुसता चिखल असे. या पायपिटीचे वर्णन शाळेच्या क्रमिक पुस्तकांतून आपण सर्वांनी वाचले आहे. परंतु ज्या रात्री अण्णासाहेब हिंगण्यास असत, त्या रात्री पुण्यातील बिऱ्हाडात बाया लहान मुले घेऊन एकट्या असत, हे क्रमिक पुस्तक सांगत नाही.

त्या हिंगण्यास का गेल्या नाहीत, असे कोणी विचारील. याचे उत्तर कटू आहे. विधवांना शिक्षण द्यावे असे म्हणणारे लोक तेव्हा थोडेफार निघत. पण पुनर्विवाहाचे नाव काढताच तेच लोक हात आखडता घेत. आश्रम म्हणजे पुनर्विवाहाची शाळा, असा बोभाटा झाला असता तर मुलीही येत्या ना आणि देणग्याही. म्हणून अण्णासाहेबांनी ही दोन कार्ये एकमेकांपासून कटाक्षाने वेगळी ठेवली आणि पुनर्विवाह केलेल्या आपल्या पत्नीस आश्रमात राहावयास नेले नाही. आश्रमातील मुलींनाही सोवळ्याओवळ्याची धास्ती असे; पुनर्विवाहितेच्या पंक्तीस बसण्यास त्या कचरत. ज्या कार्यासाठी घरातला पैसा व घरातला माणूस जात होता, त्या कार्याच्या आवारात राहण्याची मुभा बायांना नव्हती. त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले या विधवा भगिनी आश्रमात राहून त्याचा आधारस्तंभ झाल्या, आश्रमासाठी निधी जमवीत दूरदूर हिंडल्या, पुढे अमेरिकेसही जाऊन आल्या. आणि सख्खी थोरली बहीण, संस्थापकाची पत्नी, मात्र उंबऱ्याबाहेर. ही अण्णासाहेबांची व्यवहारदृष्टी खरी ठरली व आश्रम जगला, हे निर्विवाद आहे. तरीपण बायांवर हा अन्याय झाला, असे म्हणण्यावाचून आमच्याने राहवत नाही.

याहून मोठा प्रसंग विम्याचा. अण्णासाहेबांनी आपल्या आयुष्याचा विमा उतरविला होता. आपल्या पश्चात मुलांच्या हाती तेवढीच काय ती पुंजी पडेल, असा बायांना भरवसा होता. ती विम्याची रक्कमही अण्णासाहेबांनी आश्रमास लावून दिली. यावर बाया रागावल्या, दुखावल्या. आणि कोणती गृहिणी दुखावणार नाही? लहान मुलांची आई जे बोलेल तेच त्या बोलल्या. अण्णासाहेबांनी ऐकून घेतले, पण निश्चय बदलला नाही. ते शांत स्वभावाचे होते, आवाज चढवीत नसत. परंतु शांत मनुष्याचा हट्ट हा रागीट मनुष्याच्या हट्टाहून मोडण्यास कठीण असतो.

येथे बायांचे थोरपण दिसून येते. त्या रडत बसल्या नाहीत. नागपूरास जाऊन त्यांनी सुइणीच्या कामाचे शिक्षण घेतले. घरी परक्या मुलांना जेवणाखाण्यासह ठेवून घेऊन त्यांनी संसारास हातभार लावला. कोणाचे अनाथ मूल, कोणाची अडलेली बाळंतीण, कोणाची घराबाहेर काढलेली सून, अशांना बायांचे दार उघडे असे. अण्णासाहेब तत्त्वाने जे करीत, ते बाया मायेने करीत; आणि दोघांच्याही घरात शेवटी शिल्लक राहावयाची ती सारखीच! त्यांनी आपले आयुष्य माझे पुराण या नावाने सांगितले व त्यांच्या सूनबाई कावेरीबाईंनी ते लिहून घेतले. अण्णासाहेबांचे आत्मवृत्त १९१५ साली निघाले. ज्या घरात ही दोन्ही पुस्तके आहेत, त्या घराने ती शेजारी शेजारी ठेवून वाचावीत, अशी आमची शिफारस आहे. एका संसाराचा जमाखर्च दोन वह्यांत लिहिलेला असावा तसा तो प्रकार आहे. एक वही पाहून हिशेब जुळत नाही.

आता पिता म्हणून अण्णासाहेब कसे होते ते पाहू. त्यांना चार मुलगे. राधाबाईंचा रघुनाथ आणि बायांचे शंकर, दिनकर व भास्कर. चौघांनाही त्यांनी शिकविले, आणि शिकविल्यावर मोकळे सोडले. माझे कार्य तुम्ही चालविलेच पाहिजे, असा धाक त्यांनी घातला नाही. शंकरराव डॉक्टर होऊन पूर्व आफ्रिकेत केनियात गेले व तेथे स्थायिक झाले. दिनकरराव रसायनशास्त्राचे अध्यापक व पुढे फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. भास्कररावांनी व कावेरीबाईंनी हिंगण्याच्या संस्थेस वाहून घेतले. थोरल्या रघुनाथरावांची वाट मात्र सर्वांहून निराळी. १८९९ साली मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले, गणिताचे प्राध्यापक झाले. पण १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून समाजस्वास्थ्य मासिकाद्वारे, ज्या विषयांचा उच्चारही घरात होत नसे, त्या विषयांवर उघडपणे लिहावयास आरंभ केला. प्राध्यापकी गेली, अश्लीलतेचे खटले झाले, द्रव्यहानी झाली. पत्नी मालतीबाई यांच्या साथीने त्यांनी हे व्रत मरेपर्यंत चालविले.

विचार करा, पित्याची स्थिती काय झाली असेल? स्त्रीशिक्षणाची संस्था म्हणजे लोकांच्या विश्वासावर चालणारा व्यवहार. मुलींचे पालक आणि देणगीदार या दोहोंची मर्जी सांभाळावयाची. आणि त्याच वेळी थोरल्या चिरंजीवांच्या नावाने सनातनी मंडळींत हलकल्लोळ उठलेला. पित्याने मुलाच्या त्या कार्याचा प्रचार केला नाही, तसेच त्यापायी मुलाशी नातेही तोडले नाही. ज्यास पुनर्विवाहापायी स्वतःच्या गावाने तोडले होते, त्याने मतभेदापायी आपल्या मुलास तोडले नाही, ही गोष्ट आम्हांस त्यांच्या अनेक पदव्यांहून मोठी वाटते. वाळीत टाकण्याचे दुःख ज्याने भोगले, त्याने ते शस्त्र घरात वापरले नाही.

अण्णासाहेब सर्व बाबतींत उदारच होते, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. दिनकररावांच्या पत्नी इरावतीबाई यांनी १९२८ साली उच्च शिक्षणासाठी जर्मनीस जावे, हे अण्णासाहेबांना मान्य नव्हते. स्त्रियांसाठी विद्यापीठ काढणाऱ्या पुरुषास सुनेचे परदेशगमन पसंत पडू नये, याचे नवल वाटते खरे. परंतु निर्णय मुलाने व सुनेने घेतला; कर्ज काढून इरावतीबाई बर्लिनला गेल्या, १९३० साली डॉक्टरेट घेऊन आल्या आणि पुढे मानववंशशास्त्रातील त्यांचे नाव सर्व जगात झाले. वडिलांचे मत विरुद्ध असता मुलाने स्वतःच्या मताने चालावे आणि तरीही घर एकत्र राहावे, हे ज्या घरात घडते त्या घरास आम्ही सुदृढ घर म्हणतो. इरावतीबाईंनी पुढे आपल्या सासऱ्यांविषयी आदराने आणि तितक्याच परखडपणे लिहिले आहे. अशा पुरुषाची सून होणे भाग्याचे, पत्नी होणे मात्र कठीण, असा त्यांचा अभिप्राय होता. सासऱ्याविषयी इतके स्पष्ट लिहिण्याचे धैर्य सुनेस यावे, यातही त्या घराचे वळण दिसते.

दरम्यान कार्य वाढत होते. १९०७ साली महिला विद्यालय, त्यानंतर निष्काम कर्म मठ आणि १९१६ साली महिला विद्यापीठ. फर्ग्युसनमधून ते १९१४ साली निवृत्त झाले होते. म्हणजे विद्यापीठ हे त्यांच्या पेन्शनीतले काम. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी देऊ केली आणि त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव विद्यापीठास मिळाले. १९२९ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, अण्णासाहेब यूरोप, अमेरिका व जपान पाहण्यास निघाले आणि विद्यापीठाची माहिती देत, निधी जमवीत परत आले. लगेच १९३० च्या अखेरीस ते पूर्व व दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेले. या वेळी बाया बरोबर होत्या. मुलगा शंकर त्या देशात राहत होता. एकेकाळी ज्यांना आश्रमाच्या आवारात स्थान नव्हते, त्या बाया आता पतीबरोबर समुद्र ओलांडून त्याच शिक्षणकार्यासाठी हिंडत होत्या. १९३२ साली उभयता परत आली. या प्रवासाने मागील सर्व भरून निघाले असे नाही. पण उशिराने का होईना, दोन वह्यांचा हिशेब काही अंशी जुळला.

उतारवयातही विश्रांतीचे नाव नव्हते. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी ग्रामीण प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले. आणि १९४४ साली, शहाऐंशीव्या वर्षी, जातिभेद नाहीसा व्हावा या हेतूने समता संघ स्थापन केला. आपल्या ज्ञातीचा पुरुष म्हणून आपण ज्यांना मिरवितो, त्यांचे अखेरचे कार्य जातींमधील उच्चनीचता मोडण्याचे होते, हे ज्ञातिसंघाच्या स्मरणिकेत लिहिताना आम्हांस संकोच वाटत नाही. एकमेकांस साहाय्य करण्यासाठी संघ असावा. कोणास खाली लेखण्यासाठी किंवा वाळीत टाकण्यासाठी नसावा, इतका बोध त्यातून आपण घेतला तरी पुष्कळ झाले.

२९ नोव्हेंबर १९५० रोजी बाया गेल्या. सत्तावन्न वर्षांचा संसार संपला. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी थोरले चिरंजीव रघुनाथराव वारले. पिता तेव्हा पंचाण्णव वर्षांचा होता. दीर्घायुष्याचा आशीर्वाद आपण सहज देतो. पण त्याबरोबर काय काय पाहावे लागते, हे अण्णासाहेबांच्या उत्तरायुष्याकडे पाहिले म्हणजे कळते. मुलासुनांच्या आणि नातवंडांच्या सहवासात त्यांची ही वर्षे गेली. दिनकररावांची मुले जाई, आनंद व गौरी यांनी या आजोबांना शंभरीच्या घरात पाहिले. त्यांपैकी जाई निंबकर व गौरी देशपांडे या दोघी लेखिका म्हणून नावारूपास आल्या आणि आनंद कर्वे यांनी ग्रामीण भागास उपयोगी पडणाऱ्या तंत्रज्ञानात काम केले. आजोबांनी नातवंडांसाठी वाडा, शेत वा ठेव यांतले काही ठेवले नाही. मुलीने मुलाइतकेच शिकावे, स्वतःच्या बुद्धीने विचार करावा आणि जे पटेल ते बोलावे, ही रीत तेवढी ठेवली. ती रीत त्या घरात तीन पिढ्या टिकलेली दिसते. किती घरांतला पैसा तीन पिढ्या टिकतो?

१९५५ साली पद्मविभूषण व १९५८ साली भारतरत्न हे किताब त्यांना मिळाले. १८ एप्रिल १९५८ रोजी त्यांच्या शंभराव्या वाढदिवसाचा सोहळा मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या उपस्थितीत झाला. पासष्ट वर्षांपूर्वी ज्यास गावच्या पंक्तीतून उठविले होते, त्याच्या सन्मानासाठी देशाचा पंतप्रधान आला होता. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या एकशे पाचव्या वर्षी, अण्णासाहेबांनी पुण्यात देह ठेवला. मुंबईतील क्वीन्स रोड आज महर्षि कर्वे मार्ग झाला आहे, हिंगण्याच्या माळाभोवती कर्वेनगर वसले आहे, आणि मुरुडात, जेथे बहिष्काराचा ठराव झाला, तेथेही त्यांचे स्मारक आहे.

आता आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे. अण्णासाहेब कुटुंबवत्सल होते काय? पैसा साठवून ठेवणे हीच जर वत्सलता असेल, तर ते नव्हते. परंतु पत्नीपासून त्यांनी काही लपविले नाही, तिने स्वतंत्रपणे शिकण्यास व मिळविण्यास आडकाठी केली नाही, सावत्र-सख्खा हा भेद घरात माजू दिला नाही, मुलांना स्वतःच्या मताचे गुलाम केले नाही आणि विरुद्ध मताच्या मुलास दार बंद केले नाही. या कसोट्या लावल्यास त्यांच्याइतका कुटुंबवत्सल पुरुष विरळा. मात्र त्यांच्या त्यागाची अर्धी किंमत बायांनी भरली, आणि ती भरण्यापूर्वी त्यांना विचारले गेले नव्हते, ही गोष्ट वगळून जो कोणी अण्णासाहेबांचे गुणगान करील, त्याचे गुणगान अपुरे राहील. त्यागी पुरुषाची स्तुती करणे सोपे असते. त्या त्यागात ज्यांचा वाटा न विचारता घेतला गेला, त्यांची आठवण ठेवणे कठीण.

म्हणून शेवटी एक छोटीशी विनंती. आपल्यापैकी बहुतेक घराण्यांचे कुलवृत्तांत छापले गेले आहेत व काहींच्या नव्या आवृत्तींचे काम अधूनमधून निघत असते. त्यासाठी माहितीचा कागद भरून पाठविताना पुरुषाचे शिक्षण, हुद्दा व निवृत्तीचे वर्ष आपण काळजीपूर्वक लिहितो. आणि पत्नीच्या रकान्यात माहेरचे नाव व मुलांची संख्या घालून मोकळे होतो. यापुढे तो रकाना भरताना थोडे थांबावे. तिने काय शिकले, काय मिळविले, कोणास सांभाळले, पतीच्या कार्यापायी काय सोडले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांस विचारून दोन ओळी अधिक लिहाव्यात. ज्या आजी व पणजी आज हयात नाहीत, त्यांच्याविषयी सांगणारे कोणी अद्याप घरात असेल, तर ते काम याच वर्षी करावे. अण्णासाहेबांच्या घरी बाया होत्या, म्हणून आपल्यास महर्षि मिळाले. आपल्या प्रत्येकाच्या घराण्यात अशी एक तरी बाया होऊन गेली असेल. तिचे नाव निदान कागदावर तरी यावे.